विटांवरची खाट

असोद्याच्या यशोदाबाईंनी सोमवारी सकाळी सात वाजता खाटेला पाठ लावली, आणि साडेसातच्या आत अर्ध्या गल्लीला कळलं की त्यांना दिवस गेलेत. वय चोपन्न. नातू तिसरीत.

बातमी नेणारी बेबाबाई काही खोटारडी नव्हती. समोरच्याच घरातली. विरजणाला वाटी घेऊन आली होती. तिने पाहिलं ते एवढंच, की आतल्या खोलीत खाट आहे, खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा आहेत, डोकं उताराला आहे, पाय चढाला आहेत, आणि शेजारी एक चष्मेवाली पोरगी वहीत काहीतरी लिहिते आहे. आता पायथ्याला विटा कधी देतात, हे या गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोटातलं टिकेना झालं, डॉक्टरीणबाईंनी "हलायचं नाही" म्हणून बजावलं, की विटा येतात. बेबाबाई स्वतः दुसऱ्या खेपेला अडीच महिने विटांवर होती. तिला ते दिवस आठवले, डोळे भरून आले, आणि देवघरातून निघावं तशी ती आवाज न करता मागच्या पावली बाहेर आली. वाटी तिथेच राहिली.

खरी गोष्ट निराळी होती.

चष्मेवाली म्हणजे कामिनी, धुळ्याची. माणूस अवकाशात गेल्यावर त्याच्या अंगाचं काय होतं, हे जमिनीवरच तपासून पाहणारी एक संस्था होती, तिथे ती कामाला होती. तिने यशोदाबाईंना सगळं आधी सांगितलं होतं.

"काकू, वर गेलं की वजन जाणवत नाही. रक्त पायांतून डोक्याकडे येतं, तोंड सुजतं, पाय वाळतात. हाडांना वाटतं, आपल्याला आता काम नाही, मग ती झिजायला लागतात. हे इथे जमिनीवर कसं आणायचं? कुणी मोठ्या हौदात उतरतं, अंगाला बेताचं शिसं बांधून, म्हणजे तरंगायचंही नाही आणि बुडायचंही नाही. कुणाला विमानात बसवतात आणि विमान उंचावरून खाली सोडतात, तेवढे वीस-पंचवीस सेकंद माणूस आतल्या आत तरंगतो. आणि तिसरी रीत ही खाट. डोकं पायांपेक्षा सहा अंश खाली. एकवीस दिवस. शरीर फसतं. त्याला वाटतं आपण वर गेलो."

"अन् मले काय वाटीन?"

"तुम्हाला कंटाळा येईल."

यशोदाबाई हसल्या. कंटाळा ही चीज त्यांनी दुसऱ्यांच्या घरी पाहिली होती.

संस्थेने आपल्या दवाखान्यात पुष्कळ तरणी, सडपातळ माणसं झोपवून पाहिली होती. आता त्यांना आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिलेली हाडं हवी होती. पाण्याचे हंडे, कपाशीच्या झोळ्या, केळीचे घड, गवताचे भारे वाहिलेली बाई. अशा बाया घर सोडून यायला तयार होईनात, म्हणून संस्थाच घरी आली. जिल्ह्यातून पाच जणी निवडल्या. पहिली दूध उतू गेलं म्हणून उठली. दुसरी व्याही आले म्हणून उठली. तिसरीच्या पापडांवर शेळी चढली. बोदवडची चौथी तेरा दिवस टिकली आणि चौदाव्या दिवशी झोपेतच उठून अंगण झाडायला गेली. राहिल्या यशोदाबाई. त्यांच्या नावाचा एक रकाना होता आणि तो एकवीस दिवसांनीच भरायचा होता. मधे उशीवरून डोकं एकदा जरी उचललं, तरी रकाना कोरा. डोक्याकडच्या कॅमेऱ्यात सगळं दिसणार. कॅमेरा लोखंडी दांडीने खाटेलाच आवळलेला होता.

"तू? पडून?" त्यांचे यजमान झुलालआबा म्हणाले होते. "एकवीस दिवस? तू तं जेवतानाही अर्धी उभीच राह्यते!"

तेव्हाच यशोदाबाईंनी कागद ओढून सही केली. त्या सहीची शाई वाळेपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिलं. घरातल्या कामाला कधी सही लागली नव्हती, आणि घरातलं कोणतंही काम कधी पुरं झालं नव्हतं. भांडी घासली की पुन्हा खरकटी, सारवलं की पुन्हा पावलं. हे एक काम असं होतं की एकवीस दिवसांनी ते संपणार होतं. त्यांना ते संपवायचं होतं.

सहा फुटी खाटेला सहा अंश म्हणजे पायथ्याला बरोबर दोन विटा. कामिनीने कोन मोजायचं यंत्र ठेवलं, आकडा पाहिला, आणि चकित झाली. झुलालआबांनी नुसत्या नजरेने रचलेल्या त्या विटा एक सूतही हलवाव्या लागल्या नाहीत. केळीच्या बागेला पाणी देण्यात आबांचं आयुष्य गेलं होतं. उतार त्यांना तळपायाला कळायचा.

दुपारी बेबाबाई वाटी न्यायला आली तेव्हा यशोदाबाईंनी सरळ खरं ते सांगितलं. अवकाश, सहा अंश, हाडं, सगळं.

बेबाबाईने ऐकून घेतलं. "म्हंजे तुले काही झालं नाही?"

"नाही व."

"अंग तापलं नाही? कंबर धरली नाही?"

"काहीच नाही."

"मंग ऊठ ना व माय! चांगली धडधाकट बाई दिवसा खाटेवर! चाल, माह्या घरी वड्या घालायच्या हायेत."

ती गेली आणि तासाभरात आणखी तिघी आल्या. एकीला मसाल्याचं प्रमाण हवं होतं. एकीला रुखवताची शेवयांची पाटी. तिसरीला काही नको होतं, ती नुसती "ऊठ, च्या टाक" म्हणायला आली होती. स्वयंपाकघरातून झुलालआबांचा आवाज आला, "तिखटाचा डबा कोठी हाय? सापडत नाही. दोन मिन्टं ऊठ, दाखव, मंग झोप."

यशोदाबाईंच्या मानेच्या शिरा ताणल्या. मान आपणहून उठू पाहत होती. सदतीस वर्षांची सवय, ती कुणाला विचारते?

दुसऱ्या दिवशी बेबाबाई पुन्हा आली, खाटेशी वाकली, आणि कानात म्हणाली, "मी रातभर इचार केला. आकाशाचं ते सारं तू लाजून सांगितलं, व्हय ना? माह्याशी काय लाजायचं? खरं सांग."

यशोदाबाई बोलल्या नाहीत. पत्र्याकडे पाहत राहिल्या.

त्या एका गप्प राहण्याने सारं फिरलं. गल्लीवर जणू कुणी गोधडी पांघरली. दारावरून जाणाऱ्या बाया चपला हातात घेऊन जाऊ लागल्या. पोरांचं क्रिकेट दुसऱ्या गल्लीत हाकललं गेलं. कुणी मसाला विचारेना, कुणी चहा सांगेना. रोज दुपारी कुणाच्या ना कुणाच्या घरून ताट झाकून यायचं. यशोदाबाईंना मोजून मापून संस्थेचंच अन्न, तेव्हा ते ताट आबांच्या पुढ्यात जायचं.

"काकू, हे खोटं आहे," कामिनी कासावीस होऊन म्हणाली.

"मी काय बोलली? मी तं गप पडेल हाये. तुह्याच वहीत लिव्हेल हाये ना, गप पडायचं?"

कामिनीने वही चाळली. तसंच लिहिलेलं होतं.

सगळ्यात जास्त जीव जात होता तो आबांचा. पारावर बसले की कुणीतरी मुद्दाम गंभीर चेहरा करून विचारायचं, "झुलालभाऊ, एवढं सांगा, बागेले खत कोनतं टाकता?" मग पार हसायचा. एक निवृत्त मास्तर तर त्यांना बाजूला घेऊन, खरोखरच, पथ्य विचारून गेले. आबा तांबडेलाल होऊन घरी आले.

"मी आत्ताच्या आत्ता जाऊन साऱ्याइले खरं सांगतो!"

"सांगा," यशोदाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "मंग सांजची भाकर कोन करीन?"

आबांनी झाकलेलं ताट उघडलं. कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, वर तेलाची धार. ते बसले आणि जेवले. त्यानंतर पारावर कुणी खताचं विचारलं की ते नुसते मिशीवरून हात फिरवायचे.

आणि अंगही साक्ष देऊ लागलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त डोक्याकडे उतरलं, कामिनीने सांगितलं होतं तसंच. गाल फुगले, सुरकुत्या मिटल्या, तोंडावर तुकतुकी आली. बाया दारातून पाहून एकमेकींना कोपर मारत. "तेज पाह्य, तेज! पोरगीच व्हईन." उशाखाली चिंचा सापडू लागल्या, कैऱ्या सापडू लागल्या, एकदा कागदात बांधलेली पाटीवरची पेन्सिलही. कामिनी त्या सगळ्याची तारीखवार नोंद करायची आणि जप्त करायची.

सोळाव्या दिवशी साक्रीहून सुमनबाई आली. यशोदाबाईंची धाकटी बहीण, साक्रीला दिलेली आणि आता तिकडची अहिराणीच बोलणारी. पिशवी उंबऱ्यावरच टाकून तिने गळा काढला.

"काय व अक्का! तुनी खबर माले बसमा समजनी! कंडक्टरले माहीत, नि मनी सख्खी बहीन माले सांगस नही! कितवा शे?"

"काय कितवा?"

"महिना व!"

यशोदाबाईंनी कामिनीकडे पाहिलं. कामिनीने यंत्राकडे पाहिलं.

"सातवाच दिखस," सुमनबाईने स्वतःच ठरवलं. "माले बठ्ठं समजस. झुला बांधसूत. डोहाये करसूत. गल्लीन्या बठ्ठ्या बाया बलावसूत."

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या: तीन दिवसांत साठ बायांना आवतण गेलं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी चारला ओटी भरायची ठरली.

"पन अक्का, झुलावर बसनं पडी," सुमनबाई म्हणाली. "झोपीसन कोनी डोहाये करस का?"

"सुमन, मले उठता येत नाही."

"आम्ही उचलसूत ना! पाच जनी शेतस."

आता मात्र यशोदाबाई घाबरल्या. खरं सांगावं, तर धडधाकट बाई म्हणून हाताला धरून उठवतील. खोटं ठेवावं, तर गरवार बाई म्हणून काखेत हात घालून बसवतील. दोन्ही वाटा उशीवरून वर जात होत्या. दोन दिवस राहिले होते. रात्रभर त्या पत्र्याकडे पाहत पडल्या, आणि सकाळी म्हणाल्या, "उचलायचंच असीन तं खाट उचला."

कामिनीने नियमांची सगळी पानं दोनदा वाचली. डोकं उचलू नये असं होतं. कोन बदलू नये असं होतं. झोका घेऊ नये असं कुठेही नव्हतं. ज्यांनी नियम लिहिले त्यांना डोहाळजेवण माहीत नव्हतं.

खाट निघाली. सहा बायांनी धरली, आणि कामिनी यंत्र घेऊन बाजूने धावत होती. "साडेपाच! बेबामावशी, उशाकडून खाली घ्या! आणखी! सात, सात झाले! पायथा सांभाळा!" अंगणातून गोठ्यापर्यंतच्या चाळीस पावलांत सहा बायांना कोन समजायला लागला. बेबाबाई नंतर कित्येक दिवस घागरसुद्धा तिरकी पाहायची.

गोठ्याच्या पत्र्याखाली लोखंडी पाइप होता. खाटेच्या चार कोपऱ्यांचे दोर वर एका जाड दोरात बांधले, तो पाइपावरून घेतला, आणि त्याचं टोक झुलालआबांनी म्हशीच्या खुंट्याला आवळलं. त्या खुंट्याला म्हैस बांधलेली होती. खाटेखाली कडब्याच्या पेंढ्या होत्या आणि त्यांवर जेवणावळीसाठी कापलेली ऐंशी केळीची पानं. खाट जमिनीपासून दोन हात वर, फुलांच्या माळा सोडलेली, सहा अंश.

सुमनबाईने सूर लावला.

*सातवा महिना बाई, झुला बांधा दोरले,
मनी बहीन झुलस, नका लावा नजर तिले.
सातवा महिना बाई, वारा झाले पायघडी,
मनी बहीन झुलस, भुई राह्यनी थोडी थोडी.*

ओटी भरली. गहू, खण, नारळ, हळकुंड. पण उतार तो उतारच. पदरातले गहू घरंगळत छातीवर आले, छातीवरून गळ्याशी, गळ्यापासून कानांत. एकेक बाई ओंजळ ओतायची आणि गहू रक्तासारखे डोक्याकडे चालायचे. यशोदाबाईंना हसू आवरेना. हसताना मान उठू नये म्हणून त्यांनी दात आवळले, आणि आवळल्या दातांतून हसू लागल्या. तेवढ्यात बेबाबाईला वाटलं, गाण्याला जरा साथ हवी. तिने आपल्या नातवाचा भलामोठा स्पीकर चालू केला.

म्हैस उधळली.

खुंटा जमिनीतून दातासारखा उपटून आला. दोर पाइपावरून सर्रकन गेला. आणि खाट सुटली.

एका सेकंदाचा तिसरा हिस्सा. एवढ्यात माणसाला "अरे" म्हणता येत नाही. पण त्या तिसऱ्या हिश्श्यात सगळं एकत्र पडत होतं, खाट, उशी, नारळ, गहू, यशोदाबाई, आणि एकत्र पडणाऱ्यांना एकमेकांचं वजन कळत नाही. खाटेची ताणलेली सुतळी सैल झाली, तिने यशोदाबाईंना हलकेच वर लोटलं. गहू गळ्यावरून उठले आणि चेहऱ्यासमोर थांबले. हळकुंड फिरत राहिलं. हिरव्या बांगड्या मनगटाला न टेकता मनगटाभोवती राहिल्या. सदतीस वर्षांचे हंडे, भारे, घड, सगळे डोक्यावरून उतरले. ते कुठे ठेवले गेले, कोण जाणे.

मग पानं, कडबा, धप्प.

स्पीकर एकटाच वाजत होता.

"अक्का!"

"मी उचललं नाही," यशोदाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "कामिनी, पाह्य. मी डोकं उचललं नाही."

कामिनीने आधी त्यांचं अंग चाचपलं, हातपाय हलवून पाहिले, नाडी मोजली. सगळं जागच्या जागी होतं. मग यंत्र ठेवलं. कडबा खाली बसून खाट टेकली होती, सव्वासहा अंशांवर. मग तिने कॅमेऱ्यातलं चित्र हळू गतीने पाहिलं, आणि तिचं तोंड उतरलं.

"काकू, डोकं उशीपासून दोन बोटं सुटलंय."

"डोकं कोठे गयं?" सुमनबाई कडाडली. "उशी खाले गयी! डोकं जठे व्हतं तठेच व्हतं!"

"मावशी, उशीही पडत होती आणि डोकंही पडत होतं..."

"मंग दोष कोनाना? म्हशीना!"

कामिनीने संस्थेच्या मोठ्या मॅडमना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. मग मॅडमनी "म्हैस" हा शब्द दोनदा वदवून घेतला. शेवटी म्हणाल्या, बाईने डोकं स्वतः उचललं नाही, असं तिथे हजर असलेल्यांनी लेखी दिलं तर विचार करता येईल. काय चाललं होतं आणि कशासाठी, ते त्यात स्पष्ट हवं. आणि ते खरं हवं.

कामिनीने तिथेच, पेंढीवर बसून, कागद लिहिला आणि वाचून दाखवला. "आम्ही खाली सही करणाऱ्या लिहून देतो, की सौ. यशोदाबाई या अवकाशातील भारहीनतेच्या अभ्यासासाठी एकोणीस दिवस खाटेवर..."

"थांब," बेबाबाई म्हणाली. "अन् लेकरू?"

कामिनीचं पेन थांबलं. धरून परत आणलेली म्हैसही चघळायची थांबली.

"लेकरू नाही, बेबा," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांना कुणाचे चेहरे दिसत नव्हते, फक्त पत्रा दिसत होता, म्हणून बोलणं सोपं गेलं. "पहिल्या दिवशी तुले सांगितलं, तं तू म्हनली ऊठ. मंग मी गप राह्यली. एकदा मले एक काम पुरं करू द्या म्हनलं. माहं चुकलं."

सुमनबाई मटकन खाली बसली. "आते मी साक्रीमा काय सांगू? कंडक्टरले काय सांगू?"

बेबाबाई मात्र खाटेपाशी गेली. यशोदाबाईंच्या कानातला एक गहू तिने बोटाने काढला, तळहातावर ठेवला आणि कामिनीपुढे धरला. "मी डोयानं पाह्यलं. हे दाने तिच्या तोंडापुढे उभे व्हते. हवेत. ते तरी खरं का?"

"ते अगदी खरं, मावशी. तेवढा वेळ काकू खरोखर वजनाविना होत्या. बाकीचे अठरा दिवस आम्ही शरीराला फसवत होतो. तेवढ्यात मात्र कुणीच कुणाला फसवलं नाही."

बेबाबाईने विचार केला. मग गहू तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाली, "आन कागद."

तिच्यामागून एकोणसाठ जणींनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. सुमनबाईने सगळ्यात शेवटी केली, रागारागाने, कागद फाटेल इतकी दाबून, आणि नावापुढे लिहिलं, "सख्खी बहीण".

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. रकाना चालू राहील. एकोणिसाव्या दिवसापुढे कंसात टीप पडेल: शून्य पूर्णांक तीन सेकंद, प्रत्यक्ष.

ते उत्तर ऐकून झुलालआबा आत आले. "चला. आता तं साऱ्याइले खरं समजलं. मंग जरा ऊठ, ते तिखट..."

"आबा," बेबाबाई दारात उभी होती, कंबरेवर हात ठेवून. "डबा चुलीच्या वरच्या फळीवर हाय, डाव्या हातले. मी एवढ्या दिवसात पाहून ठेवला. तुमी घरात राह्यता, तुमाले सापडू नये?"

आबा फळीकडे गेले.

दोन दिवस गल्ली तशीच राहिली, चपला हातात घेऊन. आता कारण कुणी सांगत नव्हतं आणि विचारतही नव्हतं.

एकवीस दिवस पुरे भरले, आणि बाविसाव्या सकाळी सात वाजता कामिनी म्हणाली, "काकू, उठा." पण एक शेवटची परीक्षा उरली होती. खाटेवरून उतरून दहा मिनिटं आपल्या पायांवर उभं राहायचं. कुणी धरायचं नाही. धरलं तर आकडा चुकतो, रकाना तिथेच थांबतो. वरून आलेली धट्टीकट्टी माणसंही यात कोसळतात, असं तिने आधीच सांगितलं.

यशोदाबाईंनी मान उचलली. खोली कलली, आबा कलले, उंबरा कलला. पाय जमिनीला लागले, पण ते कुणा दुसऱ्याचे पाय होते, वाळलेले, परके. त्या उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली. डोक्यात जमलेलं रक्त खाली धावलं, आणि एकवीस दिवस कुठेतरी थांबलेलं सगळं वजन एकदम घरी परतलं.

बाया पुढे सरसावल्या.

"धरू नका!" कामिनी ओरडली. "कुणी हात लावू नका!"

कुणीच हात लावला नाही. पण मागेही घेतला नाही. सुमनबाईचे दोन्ही हात दंडांजवळ, बेबाबाईचे कंबरेशी, कुणाचे पाठीमागे, कुणाचे गुडघ्यांपाशी, सगळे एकेक बोट अंतरावर. यशोदाबाई डावीकडे झुकल्या की डावीकडचे हात त्यांच्याबरोबर झुकत, बोटभर जागा तशीच राखून. उजवीकडे झुकल्या की उजवीकडचे. घाम आला, ओठ पांढरे पडले. सहाव्या मिनिटाला गुडघे थरथरले आणि सुमनबाईने स्वतःचा ओठ रक्त येईपर्यंत चावला, पण बोट टेकवलं नाही. आबा तिखटाचा डबा छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"दहा," कामिनी म्हणाली, आणि वहीवर वाकली.

"झालं?" यशोदाबाईंनी विचारलं.

"झालं, काकू. रकाना भरला."

यशोदाबाईंनी मान डोलावली आणि मग, अगदी सावकाश, पाठीमागे रेलल्या. तिथे हात होते.